खासदारकीला मुदत किती?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदावर दोनदाच निवडून येता येतं. १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने तसं ठरवलंय. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या सदस्यांना मात्र अशी मर्यादा नाही. २३ राज्यांनी आपापल्या खासदारांवर ती घालून पाहिली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की राज्यघटनेतल्या पात्रतेच्या अटींत राज्यांना भर घालता येणार नाही. उरली घटनादुरुस्ती. त्याच वर्षी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात तशा दुरुस्तीच्या बाजूने २२७, विरोधात २०४ मतं पडली. बहुमत झालं, पण दुरुस्तीला लागणारं दोन तृतीयांश नाही. स्वतःच्याच खुर्चीचा प्रश्न, हात आखडणारच! दुसरी वाट राज्यांची: ३४ राज्यांनी मागणी केली तर घटनादुरुस्ती परिषद बोलवावी लागते. तशी परिषद आजवर एकदाही भरलेली नाही.