मत आणि मुक्काम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे वक्त्यापाशी काहीतरी अधिकार असावा लागतो. आम्ही साधे बी. ए. झालेले, आणि तीन दशकांहून अधिक काळ केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे लिहीत आलेले गृहस्थ. हे आम्ही चिटणीसांना सांगून पाहिले. ते म्हणाले, "कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात चहा घेताना तुम्ही जे बोलता, तेच इथे उभे राहून बोला." या उद्गारात स्तुती किती आणि टोमणा किती, याचा निर्णय आम्हांस अद्याप करता आलेला नाही. परंतु विषय मात्र त्यांनीच सुचविला असे आम्ही मानतो.

आपल्या मंडळाच्या व्हरांड्यात काय बोलले जाते? महागाई भत्त्याचा पुढचा हप्ता किती. वेतन आयोग काय देणार. पुण्यात आता चौरस फुटाचा भाव काय. मुंबईत कोणाचे मंत्रिमंडळ टिकेल. मेट्रोत किती गर्दी असते. आणि आमच्या लहानपणी हे असे नव्हते. बटाटेवडा निवेपर्यंत देशाचे अर्धे प्रश्न सुटलेले असतात. यात थट्टा करण्यासारखे काही नाही. परमुलुखात आपल्या भाषेत मनमोकळे मत मांडता यावे, यासाठीच तर आपल्या पूर्वसूरींनी हे मंडळ काढले.

परंतु मराठीत 'मत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मत आपण सांगतो आणि दुसरे मत आपण देतो. सांगावयाच्या मताला खर्च नाही; ते कोठेही बसून सांगता येते. द्यावयाचे मत मात्र ठरलेल्या गावी, ठरलेल्या दिवशी, रांगेत उभे राहून द्यावे लागते. आपण परप्रांतवासी मराठी माणसे पहिल्या प्रकारात फार पुढे आहोत. दुसऱ्या प्रकाराचा हिशेब आज आम्ही मांडू इच्छितो. आणि तो प्रथम आमच्याच खात्यावर.

हिशेबाचा आरंभ पैशापासून करणे बरे. हे मंडळ ज्यांनी स्थापन केले त्या पिढीचे अर्थकारण भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा आणि पोस्ट या तीन खांबांवर उभे होते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत शेकडा १२ व्याज मिळत असे. एप्रिल २०२० पासून तो दर ७.१ वर आला. व्हरांड्यात याबद्दल नेहमी हळहळ व्यक्त होते. त्या काळी महागाईही चढी होती, हे मात्र आम्ही सोयीने विसरतो. आमच्या नंतरच्या पिढीचे निराळेच. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या मुलकी सेवेत जे रुजू झाले, त्यांना आमच्यासारखे ठरीव निवृत्तिवेतन नव्हते. त्यांच्या वेतनातून कापलेली आणि सरकारने भर घातलेली रक्कम बाजारात गुंतविली जाऊ लागली. १ एप्रिल २०२५ पासून त्यांच्यापुढे एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय आला, आणि पंचवीस वर्षे सेवा झाल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी त्यात मिळाली. पण कोणता पर्याय घ्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. आमच्या कार्यालयात एकाच खोलीत, शेजारशेजारच्या टेबलांवर, दोन प्रकारची म्हातारपणे बसलेली असतात. तरुण सहकारी एसआयपीची भाषा बोलतात आणि आम्ही ती समजल्यासारखी मान हलवितो.

या दोन पिढ्यांच्या मधली जी आमची पिढी, तिने विश्वास ठेवला तो विटांवर. पहिले घर आम्ही सरकारी गृहबांधणी अग्रिम घेऊन नोएडात केले, कारण दिल्लीत ते परवडले नाही. पुढे २००७ मध्ये, भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढून आणि बँकेचे कर्ज घेऊन, पुण्याच्या एका उपनगरात दुसरी सदनिका घेतली. 'निवृत्तीनंतर आपल्या माणसांत जाऊ' हा त्यामागचा विचार. तिचे कर्ज फेडताना किती वर्षे आम्ही नवी शिवण न घालता जुने कोट वापरले, हे आमच्या सौभाग्यवती सांगतील. ती सदनिका तेव्हापासून कुलुपात आहे. भाडेकरू ठेवला तर तो निघेल की नाही ही धास्ती. म्हणून ठेवला नाही. वर्षातून एकदा झेलमने जावयाचे, झुरळे मारावयाची, नळाचे गंजलेले वॉशर बदलावयाचे, सोसायटीचा देखभाल खर्च व मालमत्ता कर भरावयाचा, आणि पुन्हा कुलूप लावून परत यावयाचे. या सभागृहात अशा कुलपांच्या किल्ल्या किती जणांच्या कपाटात आहेत, हे आम्ही हात वर करावयास सांगून विचारणार नाही. पण आम्ही एकटे नाही, एवढे आम्हांस ठाऊक आहे.

प्रश्न केवळ अडकून पडलेल्या पैशाचा असता तर तो खासगी होता. परंतु त्या कुलपाने आमचे मनही अडकवून ठेवले. आमचे शरीर नोएडात, आमचा पत्ता शिधापत्रिकेवर नोएडाचा, आणि आमचे मत मात्र पुण्याच्या रस्त्यांविषयी. इतकेच नव्हे, तर २०१३ पर्यंत आमचे नाव सांगली जिल्ह्यातील आमच्या मूळ गावच्या मतदार यादीत होते आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटत असे. पुढे एकदा १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा वाचण्याचा प्रसंग आला. त्याच्या विसाव्या कलमाचा आरंभच असा आहे की, एखाद्या मतदारसंघात केवळ आपल्या मालकीचे घर आहे, एवढ्यावरून माणूस तेथील सामान्य रहिवासी ठरत नाही. कायद्याची भाषा कोरडी असते. पण आम्हांला ती वाचून कोणीतरी कान धरल्यासारखे झाले. जेथे तुमचे रोजचे जगणे, तेथे तुमचे मत. कुलपाला मत नसते.

आता ज्या उपनगरात आमचे रोजचे जगणे आहे, त्याची गोष्ट पाहा. नोएडाची स्थापना १७ एप्रिल १९७६ ची, म्हणजे ते शहर आपल्या मंडळाचे समवयस्कच. दिल्लीतल्या भाड्याच्या घरांतून आणि सरकारी क्वार्टर्समधून आपली कितीतरी कुटुंबे गेल्या पन्नास वर्षांत नदी ओलांडून तिकडे गेली. नाव शहराचे नव्हेच. एका औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे. रस्ते, पाणी, गटारे, उद्याने हे सारे प्राधिकरणाकडे. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशभर निवडून आलेल्या नगरपालिका आवश्यक केल्या. परंतु औद्योगिक नगरी म्हणून घोषित केलेल्या भागास त्यातून वगळण्याची मुभाही त्याच दुरुस्तीत ठेवली. नोएडा त्या वाटेने बाहेर राहिले. म्हणून आमच्याकडे आमदार आहे, खासदार आहे, नगरसेवक नाही. नळाला खारे पाणी आले, गंगाजलाचा पुरवठा बंद पडला, तर ज्याचे दार ठोठवावे असा वॉर्डाचा माणूस नाही. उलट नदीच्या अलीकडे दिल्लीत नगरसेवक आहेत. परंतु डिसेंबर २०२२ च्या महापालिका निवडणुकीत मतदान झाले ते निम्म्याच्या आसपास. म्हणजे जिथे हक्क नाही तिथे तक्रार, आणि जिथे हक्क आहे तिथे सुट्टी.

मग आमच्यासारख्यांच्या हाती उरते काय? उरते ती सदनिकाधारकांची संघटना. उत्तर प्रदेशाच्या २०१० च्या अपार्टमेंट कायद्याने तिला रूप दिले. तिची वार्षिक सर्वसाधारण सभा हीच आमची नगरपालिका. आणि त्या सभेची स्थिती काय, ते आपण जाणताच: सूचनाफलकावर नोटीस, तळमजल्यावर चाळीस खुर्च्या, त्यांतल्या अकरा भरलेल्या, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मात्र शंभर मते. त्यांतली चार-पाच आमची.

अशा सभेतून काय घडू शकते, याचे उदाहरण आमच्याच शहरात आहे. नोएडाच्या सेक्टर ९३ ए मध्ये एका वसाहतीच्या आवारात, रहिवाशांच्या बागेसाठी दाखविलेल्या जागेवर, दोन उत्तुंग मनोरे उभे राहू लागले. रहिवासी वर्गणी काढून २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. त्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ होती. म्हणजे आपल्याच जातकुळीची. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने मनोरे पाडण्याचा आदेश दिला. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी ते काही क्षणांत जमीनदोस्त झाले. दूरदर्शन संचावर ती धूळ साऱ्या देशाने पाहिली. आम्हांला मात्र त्या धुळीमागे दहा वर्षांच्या सभा दिसल्या: पावतीपुस्तके, वकिलांच्या फीसाठी पुन्हा पुन्हा मागितलेली वर्गणी, आणि 'यातून काही होणार नाही' असे मत जिन्यात उभे राहून सांगणारे आमच्यासारखे शेजारी.

आता आमचे स्वतःचे उदाहरण. ते सांगावे की नाही याविषयी घरी बराच खल झाला. अखेर सांगावे असे सौभाग्यवतींनी ठरविले.

२०२० च्या हिवाळ्यात आमच्या संघटनेने ठराव केला, की प्रत्येक घरामागे पाचशे रुपये काढून प्राणवायू देणारी दोन यंत्रे घ्यावीत. सभेस आम्ही गेलो नव्हतो. साथ ओसरली असे आमचे मत होते आणि ते आम्ही लेखी कळविले. पंधरा ओळींच्या त्या टिपणात 'अनाठायी व्यय' आणि 'हिशेबाची पारदर्शकता' असे शब्द होते. मसुदा नेहमीप्रमाणे निर्दोष होता. पाचशे रुपये आम्ही दिले नाहीत.

एप्रिल २०२१ च्या अखेरच्या आठवड्यात सौभाग्यवतींच्या शरीरातील प्राणवायू उतरू लागला. त्या दिवसांत दिल्लीत आणि आसपास रुग्णालयाची खाट मिळणे किती दुर्मिळ होते, हे या सभागृहाला सांगावयास नको. आपल्यापैकी काही खुर्च्या तेव्हापासून रिकाम्या आहेत. मुलगा बंगळुरास. पुण्याहून मेव्हण्यांचे दर तासाला फोन येत. परंतु फोनमधून प्राणवायू येत नाही. रात्री अकराच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. बाहेर संघटनेचे सचिव, मूळचे बिहारचे एक निवृत्त शिक्षक, आणि तिसऱ्या मजल्यावरचे तमिळ गृहस्थ ते यंत्र घेऊन उभे होते. लिफ्ट बंद होती. दोघांनी ते पाच मजले चढवून आणले होते. आम्ही काहीतरी बोलू लागलो. सचिव म्हणाले, "भाईसाहब, पहले प्लग बताइए, कहाँ है।" ते यंत्र नऊ दिवस आमच्याकडे होते. पाचशे रुपयांचा विषय त्यांनी त्या दिवशीही काढला नाही आणि आजवरही नाही. आम्ही ते नंतर भरले. परंतु उशिरा भरलेल्या वर्गणीची पावती आम्ही अद्याप कपाटात जपून ठेवली आहे, पुण्याच्या किल्लीशेजारी.

मित्रहो, यावरून 'कोणी परत जाऊ नये' असा उपदेश आम्हांस करावयाचा नाही. आपल्या भाषेत म्हातारपण घालवावे ही इच्छा स्वाभाविक आहे. आमच्या निवृत्तीस आता थोडीच वर्षे उरली. आम्हांला येथेच राहावे असे वाटते. सौभाग्यवतींना बहिणीजवळ पुण्यास जावे असे वाटते, आणि ज्या बाईने ती नऊ दिवसांची झुंज दिली तिच्या मतास आमच्याहून अधिक वजन आहे. पुण्याची सदनिका मात्र या जूनपासून एका तरुण कुटुंबास भाड्याने दिली. घरात दिवा लागतो असे शेजाऱ्यांनी कळविले.

तात्पर्य इतकेच, की मुक्काम कितीही दिवसांचा असो, तो मुक्कामासारखा न करता वस्तीसारखा करावा. ज्या गावाचे पाणी आपण पितो, तेथील मतदार यादीत आपले नाव असावे. तेथील सोसायटीच्या सभेत आपली खुर्ची भरलेली असावी. आणि वर्गणी देण्याआधी पंधरा ओळींचे टिपण लिहू नये. या मंडळाच्या संस्थापकांजवळ पुण्यात सदनिका नव्हत्या आणि परतीची खात्रीही नव्हती. म्हणूनच बहुधा त्यांनी येथे सतरंज्या विकत घेतल्या, ग्रंथालयासाठी कपाट घेतले, गणपतीसाठी मखर केले. परत जावयाचे म्हणून ते थांबले असते, तर आज आपण कोणाचा सुवर्णमहोत्सव साजरा केला असता?

येत्या रविवारी आमच्या संघटनेची वार्षिक सभा आहे. त्यामुळे त्या दिवशी आम्ही मंडळाच्या व्हरांड्यात चहाला नसू. आमची मते तेवढ्यापुरती आपण सांभाळावीत, ही विनंती.