दुखावलेला स्नायू आणि सम्यक व्यायाम

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाकारुणिक तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस त्रिवार वंदन करून आम्ही विषयास प्रारंभ करतो.

वर्षावासात धम्मप्रवचने होतात, तेथे मांडीच्या स्नायूवर कसले व्याख्यान, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आर्य अष्टांगिक मार्गातील सहाव्या अंगाला आपण सम्यक व्यायाम म्हणतो. तेथे व्यायाम या शब्दाचा अर्थ प्रयत्न असा आहे, दंड-बैठका असा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु प्रयत्न किती करावा, कोठे थांबावे आणि पुन्हा केव्हा सुरू करावे, हा प्रश्न मनाला जसा पडतो तसाच शरीरालाही पडतो. विहाराच्या व्यायामशाळेत शिकविताना तो आमच्यासमोर वरचेवर येतो, म्हणून आज त्यावर बोलावयाचे आहे.

आपली बरीच मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत आहेत. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, दोघांनाही १०० मीटर धावावे लागते आणि गोळाफेक करावी लागते. मांडीत ताकद यावी म्हणून मुले वजन उचलतात. स्क्वॉट घालतात, डेडलिफ्ट मारतात. आणि एखाद्या दिवशी, घाईत किंवा चढाओढीत एक प्लेट जास्त लावली जाते आणि मांडीच्या मागे कळ येते. मग दोन प्रकार दिसतात. कोणी महिनाभर अंथरूण धरतो आणि व्यायामशाळेचे नाव टाकतो. कोणी पट्टी आवळून, गोळी खाऊन दुसऱ्याच दिवशी पळायला जातो. दोघांचेही नुकसान होते.

प्रथम नेमके काय होते ते समजून घेऊ. आपल्याकडे मुरगळला, गोळा आला, शीर चढली, चमक भरली हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. घोटा मुरगळतो तेव्हा सांध्याचे बंध दुखावतात. पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू आखडतो आणि थोड्या वेळाने सुटतो. आपण बोलत आहोत ते यांहून वेगळे. स्नायू हा बारीक तंतूंचा जुडगा असतो. स्नायू ताणला जात असतानाच त्यावर मोठा भार आला की त्यातील काही तंतू तुटतात. मांडीच्या मागे असे तीन मोठे स्नायू आहेत. ते कमरेखालच्या बैठकीच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत जातात. आपण पाय ताठ ठेवून वाकून वजन उचलतो किंवा जोरात पळताना पाय पुढे फेकतो, तेव्हा सर्वात जास्त ताण यांच्यावर पडतो.

इजेच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत थोडे तंतू तुटतात. दुखते, पण चालता येते. असा पाय बहुधा एक ते तीन आठवड्यांत ठीक होतो. दुसरीत स्नायू अर्धवट फाटतो. लंगडावे लागते, काळेनिळे होते. त्याला चार ते आठ आठवडे, कधी अधिकही लागतात. तिसरीत स्नायू पूर्ण तुटतो. तेथे महिने जातात आणि कधी शस्त्रक्रियाही करावी लागते.

इजेच्या वेळी फट्कन आवाज आला आणि पाय टेकवेना, स्नायूत खड्डा लागू लागला किंवा पाय बधिर झाला, तर घरी न थांबता डॉक्टरांकडे जावे. पोटरी सुजून गरम झाली आणि दम लागू लागला, तर तीही तातडीची बाब आहे. आणखी एक गोष्ट तरुणांनी कान देऊन ऐकावी. पैजेवर पाचशे-हजार बैठका मारल्यानंतर लघवी काळपट तपकिरी होऊ लागली, तर तो साधा थकवा नव्हे. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडावर येत असतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता उपचाराकडे वळू. पहिले दोन-तीन दिवस पायाला सांभाळावे. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. क्रेप बँडेज बांधावे, पण बोटे थंड वा निळी पडतील इतके आवळू नये. बसताना पाय उशीवर ठेवावा. या दिवसांत गरम शेक नको, दारू नको, पळणे नको आणि मालिश तर मुळीच नको. आपल्याकडे लगेच शीर बसविणाऱ्याकडे नेण्याची पद्धत आहे. ताज्या जखमेला रगडले तर आतला रक्तस्राव वाढतो, हे घरातील वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

मात्र आराम आणि बर्फ यांचेही स्तोम माजवू नये. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकातून मांडली आणि ती जगभर झाली. त्याच मिर्किन यांनी २०१४ साली लिहिले की, बर्फ आणि संपूर्ण आराम यांमुळे जखम भरण्यास उलट उशीर होऊ शकतो. स्वतः दिलेला सल्ला पुराव्यानिशी तपासून बदलणे, ही आपल्याला ओळखीची वाटावी अशी वृत्ती आहे. वेदना कमी करण्यापुरता बर्फ ठीक. तोच उपचार नव्हे.

मग उपचार कोणता? मापात दिलेले काम. २०१७ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी मांडी किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाने इजेनंतर दोन दिवसांनी व्यायाम सुरू केला, दुसऱ्याने नऊ दिवसांनी. पहिला गट सुमारे ६३ दिवसांत खेळावर परतला, दुसऱ्याला ८३ दिवस लागले. फरक केवळ एका आठवड्याच्या उशिराचा होता, आणि त्याची किंमत जवळजवळ तीन आठवडे! कारण स्नायूवर योग्य तेवढा ताण पडला तरच नवे तंतू ताणाच्या दिशेने, सरळ आणि मजबूत बांधले जातात.

परंतु मापात म्हणजे किती? आम्ही मुलांना रुपयाचा हिशेब सांगतो. असह्य दुखणे म्हणजे सोळा आणे. व्यायाम करताना चार आण्यांपर्यंत दुखले तर चालेल; आठ आणे दुखले तर थांबावे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पाय कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल, तर काल माप चुकले असे समजून एक पायरी खाली यावे.

पायऱ्या अशा आहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उताणे झोपून, गुडघा थोडा वाकवून टाच जमिनीत दाबावी, दहा आकडे मोजावेत व सोडावे. ते जमले की दोन्ही पाय वाकवून कंबर वर उचलावी. मग तेच एका पायावर. त्यानंतर रिकामा रॉड घेऊन पाठ सरळ ठेवून वाकावे. वर येताना दोन आकडे, खाली जाताना चार. खाली जाण्याची ही सावकाश हालचालच स्नायूला लांब असताना भार सोसायला शिकविते. प्लेटी त्यानंतर, आणि आठवड्याला थोड्या थोड्या. पळण्याचेही तसेच. आधी झपाझप चालणे, मग संथ धावणे, मग निम्मा वेग आणि सर्वात शेवटी पूर्ण वेग. दुखऱ्या पायावर कंबर जितक्या वेळा उचलता येते तितकी चांगल्या पायाइतकीच भरत नाही, तोवर १०० मीटरला हात लावू नये. दुखणे गेले म्हणजे ताकद आली असे नसते. पुन्हा इजा होते ती बहुधा याच गैरसमजातून.

आहाराविषयी एवढेच की महागड्या डब्यांची गरज नाही. अंडी, डाळ, हरभरे, शेंगदाणे, सुकट यांतून स्नायूला लागणारी प्रथिने मिळतात. झोप मात्र पुरती हवी.

मित्रहो, हे सर्व सांगणे सोपे आहे, पाळणे कठीण आहे. आमच्या व्यायामशाळेतील एका तरुणाचा स्नायू मैदानी चाचणीला तीन आठवडे असताना दुखावला. घरच्यांनी क्लासच्या फीसाठी उसनवारी केलेली. शेजारचे म्हणत होते, सुई मारून घे आणि पळ. डॉक्टरांनी तपासून दुसऱ्या पायरीची इजा सांगितली. आम्ही त्याच्या आईवडिलांसमोर बसून सर्व समजावले. त्याने ती चाचणी सोडली. सोडताना तो रडला. चार महिन्यांनी तो पूर्ववत धावू लागला. पुढच्या भरतीत मैदानी चाचणी त्याने पूर्ण केली, लेखी परीक्षेत थोडक्यात मागे राहिला आणि आजही तो तयारी करतो आहे. दुसऱ्या एकाने सुई घेतली. १०० मीटरच्या निम्म्यावर तो कोसळला, आणि त्याला नीट चालायलाच कित्येक महिने लागले. सुईने वेदना झाकली जाते, तुटलेला तंतू जोडला जात नाही. पायरी उतरण्याचा दिवस कोणता हे सांगणारी वेदनाच असते. तिचे तोंड बंद करून धावणे म्हणजे डोळे बांधून धावणे.

येथे सोण थेराची कथा आठवते. श्रीमंत घरात वाढलेला सोण प्रव्रजित होऊन राजगृहाजवळ सीतवनात राहिला. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, तरी फळ मिळेना. तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. पाहा, आमच्या व्यायामशाळेतील दोन्ही टोके एकाच माणसात! भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण करून दिली. तारा फार ताणल्या तरी वीणा वाजत नाही, फार सैल सोडल्या तरी वाजत नाही. प्रयत्नाचेही तसेच असते.

ही कथा आपण नेहमी येथेच थांबवितो. विनयात ती पुढे जाते. भगवंतांनी सोणाला पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला की, ती सर्व संघाला मिळाली तरच मी वापरीन. आणि ती सर्व भिक्खूंना मिळाली. एका दुखावलेल्या पायामुळे सर्वांची सोय झाली.

संस्थेपुढे आमचे म्हणणे याच धाग्यावर आहे. हमाली करणाऱ्याला किंवा कंत्राटावर सफाईचे काम करणाऱ्याला पाय सांभाळ म्हणून सांगताना त्याचा रोज बुडतो, हे आपण विसरतो. तेव्हा व्यायामशाळेत बर्फाची पेटी व क्रेप बँडेज कायम असावे. कोणाला काय लागले आणि तो कोणत्या पायरीवर आहे याची वही असावी. शासकीय रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात प्रथम जाताना त्याच्यासोबत एक कार्यकर्ता जावा. आणि कमावता माणूस जायबंदी झाला, तर दोन आठवड्यांच्या शिध्याची तरतूद संस्थेने करावी, मुकादमाला भेटून त्याला काही दिवस हलके काम मागावे. ही मेहेरबानी नव्हे. ज्याला थांबण्याची सोयच नाही त्याला थांबायला सांगणे, हा पोकळ उपदेश होय.

तरुणांना शेवटची विनंती. दुखापत लपवू नका. लागले हे सांगण्यात कमीपणा नाही. आजची प्लेट उद्याही उचलता येईल. फाटलेला स्नायू मात्र तुमची तारीख पाहून भरत नाही. त्याला रोज थोडे काम द्या आणि रोज सकाळी त्याचे म्हणणे ऐका.



नमो बुद्धाय! जयभीम!