मोजणे आणि मापणे : इंग्रजीतील परिमाणदर्शक शब्दप्रयोग
(प्राथमिक शिक्षकांच्या सभेतील व्याख्यान)



इंग्रजी नामांचे गणनीय आणि अगणनीय असे दोन वर्ग पडतात, आणि 'किती', 'पुष्कळ', 'थोडे' या अर्थांचे इंग्रजी शब्द त्या वर्गांप्रमाणे बदलतात. हा पाठ शाळेत बहुधा एका व्याख्येने सुरू होतो : ज्या वस्तू मोजता येतात त्या गणनीय, ज्या मोजता येत नाहीत त्या अगणनीय. फळ्याच्या एका बाजूस पुस्तक, गाय, आंबा येतात; दुसऱ्या बाजूस दूध, साखर, पैसा. व्याख्या सुटसुटीत असल्यामुळे मुले ती चटकन पाठ करतात. मग एखादा चौकस मुलगा उभा राहून विचारतो, "गुरुजी, पैसे तर मोजतातच की!" वर्ग हसतो, आणि 'इंग्रजीत तसेच आहे' एवढे सांगून त्याला खाली बसविले जाते.

वस्तुतः त्या मुलाचे म्हणणे रास्त आहे. उणेपणा आहे तो व्याख्येत. मराठीत 'मोजणे' हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. गुरे मोजतात, पैसे मोजतात. तसेच दूध मोजून घालतात, कापड मोजून देतात, जमीनही मोजतात. दारावर रोज दूध मोजले जाताना पाहणाऱ्या मुलाला 'दूध मोजता येत नाही' असे सांगणे म्हणजे त्याने डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरविणे होय. इंग्रजीत या दोन क्रियांना 'काउंट' आणि 'मेझर' असे निरनिराळे शब्द आहेत, म्हणून इंग्रजीतील व्याख्या इंग्रज मुलाला गोंधळात टाकत नाही. तिचे शब्दशः मराठी केले की ती अर्थच गमावून बसते.

याऐवजी बाजारातील भाषा घेतली तर वाट पुष्कळ सोपी होते. नारळ नगावर मिळतो, तेल मापावर मिळते, हे लहान मुलासही ठाऊक असते. नारळापुढे 'एक, दोन, तीन' हे शब्द सरळ लावता येतात. तेलापुढे ते लावावयाचे तर मध्ये एखादे माप आणावे लागते. खळ्यावर धान्य मोजणारा मापारी पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत असे आणि मग पुढे 'दोन, तीन' मोजीत जाई. तो दाणे मोजीत नसे. तो मापे मोजीत असे. इंग्रजीतील 'अ किलो ऑफ शुगर', 'थ्री ग्लासेस ऑफ वॉटर' ही सारी रचना म्हणजे त्या मापाऱ्याचीच रीत आहे. पैशांविषयी विचारणाऱ्या मुलालाही असेच उत्तर देता येते : इंग्रजी माणूस रुपये मोजतो, नाणी मोजतो, नोटा मोजतो, आणि त्या शब्दांचे अनेकवचनही करतो, 'मनी' हा शब्द मात्र तो तेला-मिठासारखा वापरतो. म्हणून 'हाऊ मेनी रुपीज', परंतु 'हाऊ मच मनी'.

अर्थात नग आणि माप ही केवळ पहिली पायरी आहे. कांदे किलोवर विकतात, तरी 'अनियन' हा शब्द गणनीयच राहतो. शेवटी प्रश्न वस्तूचा नसतो, ती भाषा त्या वस्तूकडे कसे पाहते याचा असतो. डॅनिश भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात नामांच्या या भेदाची चर्चा केली आहे. पण ही गोष्ट समजण्यास मोठ्या ग्रंथाची गरज नाही, घरातील धान्याचे डबे पुरेत. तांदूळ 'निवडले', गहू 'दळले', मूग 'भिजवले', पोहे 'केले', ही सर्व अनेकवचने आहेत. त्यांच्याच शेजारच्या डब्यातील ज्वारी 'निवडली', बाजरी 'दळली', तूर 'भरडली', ही एकवचने. तांदळाचा दाणा वेगळा दिसतो आणि ज्वारीचा दिसत नाही असे कोणी म्हणेल काय? तरीही मराठी एकाकडे दाण्यादाण्याने पाहते आणि दुसऱ्याकडे राशीने. इंग्रजीही तशीच लहरी आहे. तिच्यात गहू म्हणजे 'व्हीट' हा शब्द एकवचनी, आणि 'ओट्स' हे धान्य अनेकवचनी. वाटाण्याची कथा तर गमतीची आहे. पूर्वी इंग्रजीत वाटाण्याला 'पीज' असा शब्द होता आणि तो आपल्या 'डाळी'सारखा राशीवाचकही वापरला जाई. त्याच्या शेवटचा 'ज' हा ध्वनी लोकांच्या कानाला अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा वाटू लागला, तेव्हा तो काढून टाकून त्यांनी 'पी' हे नवे एकवचन घडविले. म्हणजे अगणनीय शब्द लोकांच्या तोंडी गणनीय होऊन बसला.

एवढे ध्यानात आले की मुलांच्या चुका कोठे होणार हे आधीच ओळखता येते. 'माहिती', 'सामान', 'गवत' या शब्दांबाबत मराठी आणि इंग्रजी यांचे एकमत आहे. मराठी मूल कधीही 'माहित्या' म्हणत नाही. म्हणून 'इन्फर्मेशन्स' असे लिहिणाऱ्यास केवळ 'माहिती'ची आठवण करून दिली तरी पुरते. खरी अडचण आहे ती जेथे मराठी अनेकवचन करते आणि इंग्रजी करीत नाही तेथे : केस, पैसे, बातम्या, सल्ले, पाव, साबण, खडू. 'माय हेअर्स आर ब्लॅक' हे वाक्य चुकीच्या व्याकरणातून आलेले नसते, 'माझे केस काळे आहेत' या अचूक मराठीतून आलेले असते. 'न्यूज' हा शब्द तर दिसावयास अनेकवचनी आणि चालावयास एकवचनी : 'द न्यूज इज गुड'. आणि खडूचा दोष मुलांच्या माथी मारता येत नाही. 'ब्रिंग टू चॉक्स' ही आज्ञा वर्गात रोज शिक्षकांच्याच तोंडून निघते. तेथे 'टू पीसेस ऑफ चॉक' म्हणावयाचे. डेडस्टॉक रजिस्टरात 'फर्निचर्स' लिहिण्याची चालही अशीच जुनी आहे.

आता माप दर्शविणाऱ्या शब्दांकडे वळावयाचे. मराठी या बाबतीत दरिद्री नाही. चिमूटभर मीठ, मूठभर दाणे, ओंजळभर फुले, केळ्यांचा घड, कोथिंबिरीची जुडी, लसणाचा गड्डा आणि त्याची पाकळी, गवताचा भारा, साबणाची वडी, गुळाची ढेप. पायली-शेरांना १९५६ च्या कायद्याने आलेल्या मेट्रिक मापांनी मागे सारले असले, तरी ही घरगुती मापे जिभेवर आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना इंग्रजीत जोड मिळते : 'अ पिंच ऑफ सॉल्ट', 'अ हॅन्डफुल ऑफ राइस', 'अ बंच ऑफ बनानाज', 'अ क्लोव्ह ऑफ गार्लिक', 'अ बार ऑफ सोप'.

मग 'वन कप टी' ही चूक वर्षानुवर्षे का टिकते? कारण मराठीत अशा रचना दोन प्रकारच्या आहेत. 'केळ्यांचा घड', 'साबणाची वडी' यांत चा-ची-चे हा प्रत्यय आहे. 'एक वाटी साखर', 'दोन किलो तांदूळ', 'एक कप चहा' यांत तो नाही. इंग्रजीत दोन्हीकडे 'ऑफ' लागतो. पहिल्या प्रकारात मूल 'ऑफ' सहसा विसरत नाही, कारण तेथे प्रत्यय त्याला आठवण करून देतो. दुसऱ्या प्रकारात हमखास विसरते. म्हणून सुरुवात पहिल्या प्रकारापासून करावी. 'साबणाची वडी, बार ऑफ सोप' ही जोडी तोंडी पक्की झाल्यावर मग 'वाटी साखर' घ्यावी. मात्र पहिल्या प्रकारात शब्दांचा क्रम दोन्ही भाषांत उलटा आहे, तो हाताने वस्तू दाखवीत दाखवीत म्हणवून घ्यावा.

दुसरी चूक अनेकवचनाची. 'टू कप ऑफ टीज' असे ऐकू येते. येथेही उदाहरण निवडण्यात शहाणपण आहे. 'कप' हा शब्द मराठीत अनेकवचनी बदलत नाही, त्यामुळे 'दोन कप चहा' या उदाहरणाने काहीच शिकविता येत नाही. त्याऐवजी 'दोन वाट्या साखर' आणि 'तीन पेले पाणी' ही उदाहरणे घ्यावीत. वाटीची 'वाट्या' झाली, पेल्याचे 'पेले' झाले, साखर आणि पाणी जागच्या जागी राहिले. इंग्रजीतही नेमके हेच घडते : 'थ्री ग्लासेस ऑफ वॉटर'. जे मूल घरी बरोबर बोलते त्याला हा नियम नव्याने शिकवावा लागत नाही, केवळ दाखवून द्यावा लागतो. 'डझन'चा अपवाद मात्र सांगून ठेवावा. 'अ डझन एग्ज' यात 'ऑफ' येत नाही.

'मेनी' अनेकवचनी गणनीय नामांबरोबर आणि 'मच' अगणनीय नामांबरोबर, हे सर्वांस ठाऊक आहे. पण 'पुष्कळ'चे भाषांतर म्हणून 'आय हॅव मच मनी' असे वाक्य लिहिले जाते ते इंग्रजी कानाला खटकते. साध्या होकारार्थी बोलण्यात 'अ लॉट ऑफ' हा प्रयोग स्वाभाविक ठरतो, आणि तो दोन्ही वर्गांना चालतो. नकारार्थी व प्रश्नार्थी वाक्यांत 'मच' निःशंकपणे वापरावा. 'सम', 'एनी', 'इनफ' हेही दोन्हीकडे चालणारे आहेत.

'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतील भेद समजाविताना शिक्षकांची फार दमछाक होते. एवढ्याशा 'अ'ने अर्थ कसा पालटतो हे मुलांना उमगत नाही. येथे मराठीतील 'च' कामी येतो. 'सभेला थोडीच माणसे आली' म्हणणाऱ्याच्या मनात निराशा आहे. 'थोडी तरी आली' म्हणणारा समाधानी आहे. 'थोडीच' म्हणजे 'फ्यू', 'थोडी तरी' म्हणजे 'अ फ्यू'. रांजणात 'थोडेच पाणी' राहिले तर 'लिटल', 'थोडे तरी' आहे तर 'अ लिटल'. माणसे तेवढीच, पाणी तेवढेच. बदलते ती बोलणाऱ्याची दृष्टी.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. पहिली-दुसरीतील मुलांना गणनीय-अगणनीय ही नावे सांगण्याचे काही कारण नाही. वाटी, पेला, मूठभर तांदूळ आणि चार खडू टेबलावर मांडून 'हाऊ मेनी?' विचारले की आकडा यावा आणि 'हाऊ मच?' विचारले की माप यावे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. पारिभाषिक शब्द वरच्या इयत्तांत यावेत, आणि तेही असे अनेक प्रयोग कानावरून गेल्यानंतर.

वरच्या वर्गाच्या शिक्षकांजवळ शब्दकोश असावा. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये शिकविताना परभाषी विद्यार्थ्यांसाठी रचलेला इंग्रजी कोश १९४२ साली तेथे प्रसिद्ध झाला. त्यात नामे गणनीय की अगणनीय हे नोंदविलेले होते, आणि पुढे विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या कोशांतून ही पद्धत रुळली. अशा कोशात नामापुढे 'सी' किंवा 'यू' हे अक्षर आढळते. 'सी' म्हणजे गणनीय, 'यू' म्हणजे अगणनीय. काही नामांपुढे दोन्ही अक्षरे असतात, तेथे घाईने मुलाचे उत्तर चूक ठरवू नये. 'पेपर' म्हणजे कागद हा अगणनीय. पण 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका. कोरे कागद मागावयाचे असल्यास 'टू शीट्स ऑफ पेपर' म्हणावे. 'टू पेपर्स' म्हटल्यास ऐकणाऱ्याला दोन प्रश्नपत्रिका हव्यात असे वाटेल. चहाच्या दुकानात 'दोन चहा' मागणाऱ्या मराठी गिऱ्हाइकाप्रमाणे इंग्रज गिऱ्हाईकही 'टू टीज' मागतो, आणि दुकानदार त्याला दोन कपच आणून देतो.