पूर्ण थ्रॉटलला अडखळणारे छोटे इंजिन

चार रुंद, कमी हवेच्या टायरांवर वाळू, माती आणि खडकाळ माळ तुडवत जाणारे, हँडलवरील कळ अंगठ्याने दाबून ज्याचा वेग वाढवला जातो असे एटीव्ही हे वाहन अलिबागजवळच्या नागावपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यांवर आणि लोणावळ्याच्या परिसरात आता सर्रास दिसते, आणि त्यातील लहान वाहनांना बहुधा ११० ते १२५ घनसेंटिमीटर क्षमतेचे, एका सिलिंडरचे, कार्ब्युरेटरवर चालणारे फोर-स्ट्रोक इंजिन बसवलेले असते. या इंजिनांची एक तक्रार ठरलेली असते. इंजिन लगेच चालू होते, जागेवर शांतपणे चालते, अर्ध्या थ्रॉटलपर्यंत नीट ओढतेही, परंतु कळ पूर्ण दाबताच ते गचके खाऊ लागते, फटफट आवाज करते आणि वेग घेण्याचे नाकारते. कारागीर यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. हा दोष शोधण्याचा योग्य क्रम कोणता, एवढाच या भाषणाचा विषय असून त्यातील मुख्य आग्रह आरंभीच सांगितलेला बरा : पेट्रोल ज्या वाटेने टाकीतून इंजिनाकडे जाते त्याच वाटेने, टाकीपासून सुरुवात करून, दोष शोधावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि कार्ब्युरेटरच्या स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावावा.

प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट. इंजिन अडखळले की पहिला स्क्रू-ड्रायव्हर कार्ब्युरेटरच्या बाजूच्या छोट्या स्क्रूवर जातो, अर्धा फेरा आत, पाऊण फेरा बाहेर असे प्रयोग सुरू होतात, आणि तासाभराने मूळ दोष तसाच राहून जागेवरचे चांगले चालणेही बिघडलेले असते. ही सवय सोडलीच पाहिजे, कारण त्या स्क्रूचा अंमल पूर्ण थ्रॉटलवर जवळजवळ चालतच नाही. कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्यावर पेट्रोलचे माप ठरवणारा भाग वेगळा असतो. थ्रॉटल साधारण एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट, म्हणजे मंद चालीसाठी पेट्रोल देणारे बारीक छिद्र, आणि त्याच्या जोडीचा स्क्रू यांचे राज्य असते. त्यानंतर पाव थ्रॉटलपर्यंत वरखाली सरकणाऱ्या स्लाइडच्या कडेचा कापीव उतार परिणाम करतो. पाव ते पाऊण या टप्प्यात स्लाइडला लटकलेली निमुळती सुई, म्हणजे नीडल, माप ठरवते. आणि पाऊण थ्रॉटलच्या पुढे सारी भिस्त मेन जेटवर, म्हणजे पूर्ण शक्तीसाठी पेट्रोल देणाऱ्या मुख्य छिद्रावर असते. तक्रार शेवटच्या टप्प्यातील असताना पहिल्या टप्प्याचा स्क्रू फिरवणे म्हणजे निरोगी अवयवावर औषध लावण्यासारखे आहे, हे श्रोत्यांनी मनात पक्के करावे.

पूर्ण थ्रॉटललाच दोष का उघडा पडतो, याचे उत्तर मागणीच्या प्रमाणात आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढते, म्हणून मिनिटाला ८,००० फेरे घेणारे ११० घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटात ४,००० वेळा सिलिंडर भरते. पूर्ण शक्तीसाठी वजनाने साधारण तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते, हे ध्यानात घेऊन हिशेब केला तर त्याची भूक मिनिटाला ३० ते ४० मिलिलिटर पेट्रोलपर्यंत जाते, तर जागेवर चालताना तेच इंजिन दोन-तीन मिलिलिटरवर भागवते. मागणीतील ही दहापटीहून मोठी तफावत समजण्यासाठी गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. नळीत गाळ बसलेला असला तरी स्वयंपाकघरातील एकच नळ बारीक सोडला तर पाणी नीट येते आणि घरात कोणालाही दोषाची शंका येत नाही. परंतु सकाळच्या घाईत सर्व नळ एकदम सोडले की धार तुटते, मधूनच हवा फुसफुसते, पुन्हा थोडे पाणी येते. एटीव्हीची टाकीही गच्चीवरील टाकीसारखीच बहुधा केवळ उंचीच्या बळावर पेट्रोल खाली सोडते. तिलाही हवा आत येण्याची वाट लागते, तिच्याही तोंडाशी जाळी असते, आणि पाण्याच्या टाकीतील बॉलकॉकप्रमाणे कार्ब्युरेटरच्या वाटीतही तरंगणारा फ्लोट पातळी राखत असतो. धार तुटली म्हणून न्हाणीघरातील तोटी बदलणारा गृहस्थ आणि इंजिन अडखळले म्हणून स्क्रू फिरवणारा चालक यांची चूक एकच आहे : दोघेही वाटेच्या शेवटच्या टोकाशी झगडतात आणि वाट तपासत नाहीत.

म्हणून आरंभ टाकीच्या झाकणापासून करावा. झाकणात किंवा त्याच्या नळीत हवेसाठी बारीक मार्ग असतो. किनाऱ्यावरील वाळूने, चिखलाने किंवा एखाद्या कुंभारमाशीच्या घरट्याने तो बुजला तर पेट्रोल खाली जाईल तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि धार मंदावते. झाकण किंचित सैल करून सपाट, मोकळ्या जागी वाहन पूर्ण थ्रॉटलवर चालवून पाहावे; गचके थांबले तर दोष सापडला आणि एकही भाग विकत आणावा लागला नाही. त्यानंतर पेट्रोल कॉक, त्याच्या आतील जाळी आणि नळीतील फिल्टर यांची पाळी येते. इंजिन बंद व थंड असताना कार्ब्युरेटरकडची नळी काढून ती पारदर्शक बाटलीत सोडावी आणि एक मिनिट पेट्रोल वाहू द्यावे. इंजिनाची कमाल गरज ३०-४० मिलिलिटरची असल्याने याच्या दुपटी-तिपटीने पेट्रोल सलग धारेने जमले पाहिजे. सुरुवातीला जोरात येऊन मग थेंबथेंब पडू लागले तर संशय पुन्हा झाकणावर जातो. आरंभापासूनच धार बारीक असेल तर जाळी किंवा फिल्टर तुंबलेला असतो. काही वाहनांत इंजिनाच्या शोषणाने उघडणारा कॉक असतो व तो इंजिन बंद असताना पेट्रोल सोडत नाही, म्हणून चाचणीपूर्वी कॉकचा प्रकार पाहून घ्यावा. हे सारे काम उघड्यावर करावे आणि जवळपास विडी, सिगारेट किंवा पेटता स्टोव्ह असू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरीही ते सांगितले पाहिजे.

धार समाधानकारक असेल तरच कार्ब्युरेटर उघडावा. त्याच्या तळाशी असलेल्या वाटीत, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, पेट्रोलचा छोटा साठा राहतो, आणि पूर्ण थ्रॉटलवर तो जेमतेम मिनिटभर पुरतो. त्यामुळे वाहन काही क्षण जोरात धावून मगच अडखळत असेल तर वाटी भरण्यात अडथळा आहे असे समजावे. कळ दाबताक्षणीच अडखळत असेल तर मेन जेटकडे पाहावे. मेन जेटचे छिद्र या इंजिनांत साधारणपणे एक मिलिमीटरहूनही लहान असते, आणि पावसाळाभर झाकून ठेवलेल्या वाहनातील पेट्रोल उडून मागे राहिलेला चिकट थर ते सहज अरुंद करतो. ते साफ करताना टाचणी किंवा पोलादी तार खुपसू नये, कारण छिद्राचा व्यास केसभर वाढला तरी माप कायमचे बिघडते. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकणे हीच योग्य रीत होय. येथे इथेनॉलचा उल्लेख आवश्यक आहे. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते; इथेनॉलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने नऊपट हवा पुरते, तर शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ पट लागते, आणि त्यामुळे तेच जेट मिश्र इंधनावर किंचित हलके, म्हणजे इंधनाच्या मानाने अधिक हवेचे, मिश्रण देते. इंजेक्शन प्रणालीच्या वाहनांत संवेदक ही तफावत ओळखून इंधन वाढवू शकतो. साध्या कार्ब्युरेटरला ते शक्य नसते. शिवाय इथेनॉल दमट हवेतील पाणी शोषते, ही गोष्ट कोकणात विशेष महत्त्वाची ठरते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या वाहनाची टाकी व वाटी रिकामी करून ताजे पेट्रोल भरणे ही दुरुस्तीची पूर्वअटच मानावी.

अडखळण्याचे कारण नेहमीच इंधनाची टंचाई असते असे नाही. इंधनाचा अतिरेकही तोच परिणाम घडवतो, आणि दोन्हींतील फरक एका सोप्या चाचणीने कळतो. पूर्ण थ्रॉटलवर गचके सुरू असताना चोक, म्हणजे हवा रोखून मिश्रण घट्ट करणारी कळ, थोडीशी ओढावी. इंजिन सुधारले तर त्याला पेट्रोल कमी पडत होते. अधिकच घुसमटले तर पेट्रोल आधीच जास्त होते. त्याचा पडताळा प्लगवरून घेता येतो : पांढुरका प्लग टंचाई दाखवतो, काजळीने काळा झालेला प्लग अतिरेक दाखवतो आणि फिकट तपकिरी प्लग योग्य मिश्रणाची साक्ष देतो. अतिरेकाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे वाळू-धुळीने गच्च झालेला स्पंजाचा एअर फिल्टर. तो धुऊन, वाळवून, फिल्टरचे तेल लावून परत बसवावा. काढून फेकून देणे हा उपाय नव्हे, कारण त्याने बारीक वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते आणि हवा वाढल्याने मिश्रण उलट हलके होते. समुद्रसपाटीवर जुळवलेले वाहन सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला नेले तर तेथील हवेची घनता साधारण आठव्या हिश्शाने कमी असल्याने पूर्वीचेच जेट जास्त पेट्रोल देऊ लागते, आणि तेथे किंचित लहान जेट लागू शकते. टंचाईकडे दुर्लक्ष करून वाहन दामटत राहणे मात्र घातक आहे, कारण हलक्या मिश्रणावर भाराखाली तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये धरू शकतो आणि शंभर रुपयांचा फिल्टर न बदलल्याची किंमत संपूर्ण इंजिनाने मोजावी लागते.

इंधनाची वाट निर्दोष ठरली तर मगच ठिणगीकडे वळावे. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण भरते, दाबाखालील वायू अधिक दाट होतो आणि त्यातून ठिणगी उडवण्यास अधिक व्होल्टेज लागते. म्हणूनच जागेवर व्यवस्थित चालणारा प्लग भाराखाली चुकतो. प्लगमधील फट उत्पादकाने सांगितलेल्या मापाची, बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर, आहे का ते गेजने पाहावे, प्लगची कॅप घट्ट बसते का आणि तिच्यात खाऱ्या हवेचा गंज चढला आहे का हे तपासावे, आणि संशय असल्यास नवा प्लग घालून पाहावे. कॉइल आणि सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, हे भाग त्यानंतरचे. सीडीआय आधी बदलून पाहण्याची रीत खर्चिक आहे आणि तिने दोषाचे ज्ञान होत नाही. काही वाहनांत लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी वेग मर्यादित करणारी तार किंवा रिव्हर्समध्ये फेरे रोखणारी सोय असते; तेथे अडखळणे हा दोष नसून रचनाच आहे, आणि ती तोडून मुलांच्या हाती वाहन देणे सर्वथा अयोग्य होय.

सायलेन्सरमधील काजळी, फार घट्ट झालेले व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी जोडाला गेलेली चीर, ही कारणेही यादीत येतात. त्यांतील चिरेची परीक्षा कशी करावी आणि टू-स्ट्रोक इंजिनांत हा क्रम कोठे बदलतो, हे प्रश्न विस्ताराचे आहेत आणि उपलब्ध वेळात त्यांना न्याय देता येत नाही. परंतु एक मुद्दा वेळ संपत आला तरी पुन्हा सांगणे आवश्यक आहे, कारण ऐकताना पटूनही प्रत्यक्ष कामाच्या वेळी तोच विसरला जातो : एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर वाहन चालवून पाहावे. फिल्टर, प्लग आणि जेट एकाच दिवशी बदलणाऱ्याचे इंजिन कदाचित सुधारेलही, पण कशामुळे सुधारले हे त्याला कळणार नाही आणि पुढच्या हंगामात तोच दोष परतला की तो पुन्हा अंधारातच चाचपडेल.

तेव्हा किनाऱ्यावर वाहने भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांनी आणि गावोगावच्या होतकरू कारागिरांनी हा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा : आधी झाकण, मग कॉक आणि जाळी, मग फिल्टर, मग वाटी आणि मेन जेट, मग एअर फिल्टर, मग प्लग, आणि स्क्रू सर्वांत शेवटी.