लहान व्यवसाय आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात पन्नास वर्षांच्या कार्याचा हिशेब मांडला जातो. या काळात समाजाच्या चरितार्थाचे साधन कसे पालटत गेले, याचाही विचार अशा प्रसंगी होणे उचित ठरते. पारनेर तालुक्यातील सुपा हे नगर-पुणे रस्त्यावरील बाजाराचे गाव. किराणा, कापड, भुसार हे परंपरागत व्यवसाय. औद्योगिक वसाहत आली आणि गावाचे अर्थकारण बदलले. दुकानदाराचा मुलगा कर सल्लागार झाला, कोणाची कन्या डॉक्टर झाली. कोणी शेडचे आराखडे करतो, कोणी रक्त तपासणीची प्रयोगशाळा चालवतो, तर कोणी कारखान्यांना संगणक सेवा पुरवतो. आजोबा माल विकत होते. नातवंडे आपले ज्ञान, सल्ला आणि कौशल्य विकतात.

माल विकणाऱ्याची जोखीम आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होती. जुन्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार प्रचलित होता. माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीची रक्कम द्यावयाची. वाटेत माल बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडत. म्हणजे हुंडीच्या कागदातच विमा सामावलेला होता. पुढे १९१९ साली सर दोराबजी टाटा यांनी मुंबईत न्यू इंडिया ॲश्युरन्स स्थापन केली. १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आगीचा, चोरीचा, वाहनाचा विमा तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. 

तथापि हे विमे मुख्यतः स्वतःच्या मालाचे आहेत. आपल्या कामातील चुकीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते कोणी भरून द्यायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही. कर सल्लागाराकडून विवरणपत्राची मुदत चुकली, प्रयोगशाळेत दोन नमुन्यांची अदलाबदल झाली, आराखड्यात भाराचे गणित चुकले आणि शेड कोसळली, तर नुकसान ग्राहकाचे होते आणि दायित्व व्यावसायिकावर येते. या दायित्वासाठी जो विमा असतो, त्यास व्यावसायिक दायित्व विमा किंवा प्रचलित भाषेत ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी’ म्हणतात.

हे दायित्व काल-परवाचे नाही. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याच्या रुग्णालयात आणण्यात आले. भूल न देता, अवाजवी बळ वापरून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने तरुण दगावला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. आई-वडिलांना ३,००० रुपये भरपाई मंजूर झाली आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने हा निवाडा विधी क्षेत्रात सुपरिचित आहे. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता द्यावा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष देताना, अशी तिहेरी काळजी घेणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहे, असे त्यात सांगितले गेले. थोड्याफार फरकाने हीच कसोटी प्रत्येक सल्लागारास लागू पडते.

त्या काळी दाद मागण्याचा मार्ग दिवाणी न्यायालयातून जात असे आणि तो दीर्घ होता. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो जवळ आणला. वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. धर्मादाय दवाखाने चालवणाऱ्या संस्थांनी त्यातील एक भाग ध्यानी ठेवण्याजोगा आहे. जेथे सर्वच रुग्णांना मोफत सेवा मिळते, तेथे हा कायदा लागू होत नाही. परंतु जेथे काहींकडून शुल्क घेतले जाते आणि काहींना मोफत तपासले जाते, तेथे मोफत सेवा घेणारा रुग्णही ग्राहक ठरतो. सेवाभाव कितीही निर्मळ असला तरी दायित्व उरतेच.

नव्या २०१९ च्या कायद्याची अंमलबजावणी २०२० च्या जुलैत सुरू झाली. त्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादक, विक्रेता व सेवा देणारा यांच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. ग्राहक आता स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. सुप्यातील व्यावसायिकास पुण्याच्या ग्राहकासाठी पुण्यास जावे लागू शकते. तक्रार कोणत्या आयोगापुढे चालावी, हे ग्राहकाने मोजलेल्या मोबदल्यावर ठरते. मागितलेल्या भरपाईवर नव्हे. पन्नास लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात. म्हणजे पाचशे रुपयांच्या शुल्कातूनही लाखोंचा दावा उभा राहू शकतो. कोलकात्याच्या एका प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपये भरपाई दिली. वकिलांची सेवा मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, असे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. कारखानदाराने धंद्यासाठी घेतलेली सेवाही बहुधा या कायद्यात बसत नाही; तेथे करारनामा, लवाद वा दिवाणी न्यायालय हे मार्ग खुले राहतात.

यात पणाला काय लागते? एकट्याच्या मालकीचा व्यवसाय असेल तर व्यवसायाचे देणे हे मालकाचे वैयक्तिक देणे असते. भागीदारीत तर १९३२ च्या कायद्यानुसार पेढीच्या कृत्याबद्दल प्रत्येक भागीदार एकत्रितपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असतो. धाकट्या भावाच्या हातून चूक झाली तरी थोरल्या भावाची मिळकत त्या देण्यातून सुटत नाही. दुसऱ्या बाजूस ज्याचे नुकसान झाले तोही बहुधा सामान्य कुटुंबातीलच असतो. व्यावसायिकाजवळ पैसाच नसेल, तर न्यायालयाचा हुकूमनामा त्याच्या हाती कोरा कागद म्हणून राहतो. म्हणून हा विमा दोन घरांना आधार देतो.

आता पॉलिसीचे स्वरूप पाहू. आगीच्या विम्यात आग कधी लागली हे महत्त्वाचे असते. दायित्वाच्या विम्यात दावा केव्हा दाखल झाला, हे पाहिले जाते. समजा, २०२२ साली केलेल्या आराखड्यातील दोष २०२५ मध्ये उघड झाला आणि तेव्हा दावा आला. त्या वेळी पॉलिसी चालू असली पाहिजे, आणि पॉलिसीत नमूद केलेली पूर्वलक्षी तारीख २०२२ च्या त्या कामाच्या आधीची असली पाहिजे. नूतनीकरणात खंड पडला तर ही जुनी तारीख हातची जाऊ शकते आणि मागील सर्व काम उघडे पडते. व्यवसाय बंद करणाऱ्यानेही याच कारणास्तव पुढील काही वर्षांच्या संरक्षणाची चौकशी करावी.

रकमेच्या दोन मर्यादा असतात. एका घटनेसाठी एक आणि वर्षभरासाठी दुसरी. एका घटनेस दहा लाख व वर्षास वीस लाख, असे त्याचे स्वरूप असू शकते. प्रत्येक दाव्यातील ठरावीक भाग विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो. वकिलाचा व बचावाचा खर्च पॉलिसीत धरलेला असतो, परंतु बहुधा तो याच मर्यादेतून वजा होतो. हप्ता ठरवताना व्यवसायाचा प्रकार, उलाढाल आणि पूर्वीचे दावे पाहिले जातात. अर्जातील माहिती सत्य व पूर्ण असावी. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी आडवी येते.

हा विमा सर्व जबाबदाऱ्यांना पुरत नाही. विकलेल्या वस्तूच्या दोषाचा विमा वेगळा, कामगाराच्या अपघाताचा वेगळा. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९९१ साली झालेल्या कायद्याने घातक पदार्थ विहित प्रमाणात हाताळणाऱ्यांना सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा केला. रसायनांशी संबंध असणाऱ्या उद्योजकांनी तो स्वतंत्रपणे तपासावा. हेतुपुरस्सर केलेले कृत्य, लबाडी, दंड व शास्ती यांना व्यावसायिक विम्याचे संरक्षण नाही. आपल्या परवान्याबाहेरचे काम करणाऱ्यासही ते सहसा मिळत नाही. मुंबईत होमिओपॅथीच्या एका चिकित्सकाने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. असे करणे हाच निष्काळजीपणा होय, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तीन लाखांची भरपाई देवविली. जे शिकलो नाही ते करू नये, ही मर्यादा कोणतीही पॉलिसी ओलांडू देत नाही.

येथे जैन मनास एक अडचण जाणवेल. चूक झाल्यास क्षमा मागावी, हा बालपणापासूनचा संस्कार. आणि पॉलिसीची अट अशी की कंपनीच्या संमतीवाचून दायित्व कबूल करू नये, परस्पर तडजोड करू नये. या दोहोंत वस्तुतः विरोध नाही. ग्राहकाच्या घरी जाऊन दुःख व्यक्त करणे, विचारपूस करणे, त्याची कागदपत्रे तत्परतेने देणे, यास पॉलिसी आड येत नाही. भरपाईचे वचन देणे किंवा दोषाची लेखी कबुली देणे मात्र कंपनीस कळवल्यानंतरच करावे. नोटीस आल्यावर, किंबहुना तक्रारीची चाहूल लागताच, कंपनीस लेखी कळवणे हे पहिले कर्तव्य. विलंबामुळे दावा अडू शकतो.

‘गावात कोण कोणावर दावा लावतो?’ असे काही ज्येष्ठ विचारतील. ओळखीच्या माणसांत बसून तंटा मिटवण्याची परंपरा मोलाचीच आहे. परंतु वसाहतीत येणारा ग्राहक गावाचा असतोच असे नाही, आणि मोठ्या कंपन्या काम देण्यापूर्वीच अशी पॉलिसी मागतात. ‘विमा घेतला की माणूस बेफिकीर होतो’ हा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. त्यास उत्तर दप्तरात आहे. काम काय ठरले ते लिहून घेणे, दिलेल्या सल्ल्याची प्रत ठेवणे, नमुन्यावर नाव दोनदा पडताळणे, मुदतीच्या तारखांची वही ठेवणे, ही शिस्त विम्याच्या आधी यावी. शास्त्रकार ज्यास प्रमाद म्हणतात, कायदा त्यास निष्काळजीपणा म्हणतो. प्रमाद टाळणे हे साधकाचे काम. इतके करूनही जे घडेल, त्याची झळ दुसऱ्या घराला सोसावी लागू नये, एवढ्यापुरता विमा.

संस्थेने आपल्या दवाखान्याचा, शिबिरांचा व तेथे सेवा देणाऱ्या डॉक्टरांचा विमा आहे की नाही हे पाहावे. तरुण व्यावसायिकांनी अनेक कंपन्यांच्या अटी शेजारी ठेवून वाचाव्यात. हप्त्याच्या आकड्याआधी पूर्वलक्षी तारीख आणि वगळलेल्या बाबी पाहाव्यात.