‘आता वय झालं’



माझी थोरली बहीण, आमची आपा, पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या खळ्यावर पंचवीस वर्षं कांदा निवडायला जायची. साठी ओलांडल्यावर तिचं हृदय अशक्त झालं. ‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द ऐकून घरात रडारड. खरं तर यात हृदय बंद पडलेलं नसतं. रक्त ढकलण्याची त्याची ताकद कमी झालेली असते. औषधं सुरू झाली, पायांची सूज उतरली. थकवा मात्र जाईना. उभ्याने नमाज पढणारी आपा खुर्चीवर बसून पढू लागली.

हिमोग्लोबिन तपासलं, १२.३ भरलं. बाईमाणसाला बारा पुरे. ‘रक्त ठीक आहे, आता वय झालं,’ असं सांगून आमची बोळवण झाली. आम्हीही मान डोलावली. वय झालं म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. शेजारणींनी बीट आणलं, मी खजूर. दुकानातून लोहाच्या गोळ्याही आणल्या. त्यांनी पोट तेवढं जड झालं.

आठ महिन्यांनी नाशिकच्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी दोन तपासण्या लिहून दिल्या, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. फेरिटिन आलं ४८. प्रयोगशाळेच्या कागदावर ते चक्क ‘नॉर्मल’ होतं! डॉक्टर म्हणाले, निरोगी माणसाचा हिशेब वेगळा. हृदय अशक्त असेल तर फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ असून सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असलं, की लोह कमी धरतात. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत ते कमी आढळतं. चाळीतला कांदा संपत आला तरी बाजारात काही दिवस माल दिसतो, तसं हिमोग्लोबिनचं. आणि लोह काही फक्त रक्ताला लागत नाही. शक्ती तयार करायला ते हृदयाच्या स्नायूलाही लागतं.

मग गोळ्या का लागू पडल्या नाहीत? दीर्घ आजारात यकृतातून हेप्सिडिन नावाचं द्रव्य जास्त सुटू शकतं आणि आतड्याचं दार लोहाला बंद होतं. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा रुग्णांना १६ आठवडे गोळ्या देऊनही त्यांची श्रम करण्याची ताकद वाढली नाही. शिरेतून लोह दिलेल्या रुग्णांना मात्र, २००९ च्या ४५९ जणांच्या चाचणीत, बरं वाटू लागलं आणि त्यांचं चालणं वाढलं. त्याने आयुष्य वाढतं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आपाला दवाखान्यात सलाईनमधून लोह दिलं. क्वचित कुणाला ॲलर्जी येते, म्हणून नंतर अर्धा तास बसवून ठेवलं. लोह जात होतं कुठे, हेही शोधलं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे जठरातून थोडं थोडं रक्त जात होतं. ही चौकशी आधीच व्हायला हवी होती. आणि घरातला शिकलेला म्हणे मी!

दीड महिन्याने आपा गल्लीच्या टोकावरच्या दुकानापर्यंत एकटी जाऊन आली. खळ्यावर जाणं आता नाही. हृदयाची औषधं तीच चालू आहेत. मात्र दर खेपेला ती डॉक्टरांना विचारते, ‘ते फेरिटिन लिहिलंत का?’ तिचा उच्चार फेरीवाल्याच्या जवळ जातो. डॉक्टरांना कळतं.