हेडफोनमागचा माणूस

हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तिथली कचेरी उघडते आणि इथल्या कॉल सेंटरची रात्रपाळी सुरू होते. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे सरकतात, तशी इथली पाळीही तासभर अलीकडे येते. सुट्ट्या बहुधा ग्राहकाच्या देशातल्या; लक्ष्मीपूजनालाही फोन वाजतच राहतात.

पडद्यावर प्रत्येक कॉलचे सेकंद मोजले जातात. बोलणं, ग्राहकाला थांबवून ठेवणं आणि नंतरची नोंद यांची मिळून सरासरी काढली जाते, आणि ती वाढली की वरिष्ठ विचारतात. अडचण अशी की म्हाताऱ्या, गोंधळलेल्या ग्राहकाला घाई केल्यानं समजत नाही. त्याला वेळच द्यावा लागतो. नेमकं चांगलं काम केलं की आकडा बिघडतो. मला हा हिशेब अन्यायाचा वाटतो.

वर शिव्या. वीज गेली, पैसे अडकले, सामान पोहोचलं नाही. निर्णय दुसऱ्याचा, ऐकणारा मात्र हेडफोनमागचा माणूस. आवाज चढवायचा नाही, फोन आदळायचा नाही, आणि लगेच पुढच्या माणसाशी हसऱ्या आवाजात बोलायचं. शरीर थकतं ते झोपेनं भरून येतं, पण दिवसाची झोप रात्रीच्या झोपेची जागा पुरती घेत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोन लावताना तक्रार क्रमांक हाताशी ठेवा, राग कंपनीवर ठेवा, आणि पलीकडच्या माणसाशी नीट बोला.